लष्करी तळाचा विमानतळ होतो तेव्हा



वसंतात भरणाऱ्या या ज्ञानसत्रात संतवाङ्मय, इतिहास, अर्थकारण या विषयांना मान आहे. विमानतळासारखा रुक्ष विषय येथे कशाला, असे काहींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. पण पुणेकराला तरी हा विषय परका वाटू नये. आपण ज्याला पुण्याचा विमानतळ म्हणतो त्याची इमारत आपली, म्हणजे मुलकी खात्याची. पण धावपट्टी हवाई दलाची. लोहगावचा तळ १९३९ साली इंग्रजांच्या राज्यात उभा राहिला आणि आजही तो लढाऊ विमानांचाच तळ आहे. प्रवासी विमाने तेथे पाहुणी म्हणून उतरतात. पाहुण्याने यजमानाच्या वेळा सांभाळावयाच्या असतात. २०२० च्या ऑक्टोबरपासून धावपट्टीच्या कामासाठी सुमारे वर्षभर रात्रीची उड्डाणे थांबली होती, आणि २०२१ च्या ऑक्टोबरात तर १६ ते २९ तारखेपर्यंत, म्हणजे सलग चौदा दिवस, पुण्याहून एकही प्रवासी विमान उडाले नाही. एवढे मोठे शहर, पण आकाशाच्या बाजूने त्याचे दार दोन आठवडे बंद! तेव्हा यजमानाने घर सोडून सारी वास्तू पाहुण्याच्या हवाली केली तर काय होते, हा प्रश्न आपल्या मनात येणे अगदी साहजिक आहे. जगात असे पुष्कळ ठिकाणी घडले आहे. आम्ही आज त्यांतील दोनच गोष्टी सांगणार आहोत. एक अमेरिकेतील टेक्सास संस्थानातली, दुसरी फिलिपिन्सची.

या दोन ठिकाणांत हजारो मैलांचे अंतर, पण एका माणसाच्या मृत्यूने ती जोडली गेली आहेत. ८ डिसेंबर १९४१ रोजी, पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर अवघ्या काही तासांत, जपानी विमानांनी फिलिपिन्समधील क्लार्क फील्ड या अमेरिकन तळावर बाँब टाकले. तळावरील मोठी बाँबफेकी विमाने जमिनीवर उभी होती, तेथेच ती बहुतेक जळाली. त्या दिवशी मेलेल्यांत कॅप्टन जॉन बर्गस्ट्रॉम हे होते. त्या महायुद्धात ऑस्टिन शहराचा कामी आलेला हा पहिला माणूस. पुढच्या वर्षी ऑस्टिनपाशी लष्कराने नवा हवाई तळ बांधला. १९४३ साली त्याला बर्गस्ट्रॉम यांचे नाव देण्यात आले. ही सूचना करणारे प्रतिनिधी होते लिंडन जॉन्सन, जे पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झाले. क्लार्क फील्डवर मेलेल्या माणसाच्या नावाचा तळ आणि खुद्द क्लार्क फील्ड, दोन्ही आज प्रवासी विमानतळ आहेत. पण एकाचे दैव आणि दुसऱ्याचे दैव सारखे नाही. का नाही, तेच पाहावयाचे आहे.

ऑस्टिनच्या गोष्टीत सर्वांत महत्त्वाची वस्तू धावपट्टी नव्हे, कागद आहे. १९४२ साली लष्कराला जमीन हवी होती. शहराने सुमारे ३००० एकर जमीन स्वतः विकत घेतली आणि केंद्र सरकारच्या स्वाधीन केली. मात्र अट अशी घातली की, लष्कराला गरज उरली नाही म्हणजे जमीन शहराकडे परत यावी. युद्धाची धामधूम चालू होती. आपल्या गावचा मुलगा नुकताच मारला गेला होता. अशा वेळी ‘घ्या, देशासाठी घ्या’ असे म्हणून मोकळे होणे सोपे होते. त्या नगरपित्यांनी देशभक्तीही केली आणि दस्तऐवजही नीट करून ठेवला. पन्नास वर्षे त्या कागदाची कोणाला फारशी आठवण झाली नाही. तळावर प्रथम सैनिकांची वाहतूक करणारी विमाने होती, मग अण्वस्त्रे वाहणारी बी-५२ विमाने आली, नंतर टेहळणीची फँटम विमाने आली. जॉन्सन अध्यक्ष असताना आपल्या टेक्सासमधील घरी येत ते याच धावपट्टीवर उतरून.

इकडे शहराचा प्रवासी विमानतळ, रॉबर्ट म्यूलर यांच्या नावाचा, १९३० साली सुरू झालेला. तेव्हा तो गावाबाहेर होता. विमानतळ गावाबाहेरच बांधतात. पण गाव त्याच्या मागोमाग चालत येते, हा सर्व जगाचा अनुभव आहे. म्यूलरभोवती घरे झाली, शाळा झाल्या. सुमारे ७०० एकरांत तो कोंडला गेला. धावपट्टी लांबवावी तर जागा नाही, विमाने वाढवावी तर शेजाऱ्यांचे कान किटलेले. १९८७ साली मतदारांनी मॅनर गावाजवळ नवा विमानतळ बांधण्यास संमती दिली. पण त्यासाठी शेतजमीन घ्यावयाची, रस्ते काढावयाचे, सारे मुळापासून करावयाचे. ते काम रेंगाळले. तेवढ्यात शीतयुद्ध संपले आणि अमेरिकेला आपले तळ जास्त वाटू लागले.

येथे थोडे विषयांतर करतो, कारण ते बोधप्रद आहे. तळ बंद करणे हे लोकशाहीत फार अवघड काम. सर्वसाधारणपणे सर्व प्रतिनिधी काटकसरीच्या बाजूचे असतात. फक्त आपल्या मतदारसंघातला तळ सोडून! यावर अमेरिकनांनी अशी युक्ती काढली की, एका स्वतंत्र आयोगाने यादी करावी आणि ती यादी संपूर्ण स्वीकारावी किंवा संपूर्ण फेटाळावी. मधले एखादे नाव अध्यक्षालाही गाळता येऊ नये, काँग्रेसलाही नाही. १९९१ च्या यादीत बर्गस्ट्रॉम आला आणि ३० सप्टेंबर १९९३ रोजी तळ बंद झाला.

हजारो माणसांचा रोजगार जाणार म्हणून हळहळणे साहजिक होते. पण शहराने जुना कागद काढला. तीन हजार एकर जमीन, तीही गावच्या मालकीची, मधोमध १२,२५० फूट लांबीची धावपट्टी! मॅनरची योजना मागे पडली. मे १९९३ मध्ये, म्हणजे तळ बंद होण्यापूर्वीच, ४० कोटी डॉलरांच्या रोख्यांसाठी मतदान घेण्यात आले आणि शेकडा ६३ मते अनुकूल पडली. हे रोखे विमानतळाच्या उत्पन्नातून फेडावयाचे होते. घरपट्टीला हात लागणार नव्हता. मतदारांच्या औदार्यात या कलमाचा वाटा थोडा नसावा, असा आमचा तर्क आहे.

आता कोणी म्हणेल, धावपट्टी तयार आहे, मग एक इमारत बांधली की झाले. वस्तुतः लष्करी तळ आणि प्रवासी विमानतळ यांत दुर्गात आणि बाजारपेठेत असतो तेवढा फरक असतो. लष्कराला विमाने विखरून ठेवावयाची असतात, म्हणजे एका बाँबने सगळी जाऊ नयेत. प्रवासी विमानतळावर ती एका इमारतीला खेटून, दाटीने उभी करावयाची असतात. लष्कराला कुंपण हवे, आणि दरवाजा जेवढा लहान तेवढा चांगला. विमानतळाला हजारो मोटारी येतील-जातील असा रस्ता हवा. लढाऊ विमानांना अडविणारे दोर धावपट्टीवर असतात, ते काढावयाचे. पाणी, वीज, सांडपाणी यांची व्यवस्था छावणीच्या सोयीने केलेली असते. तिचे नकाशेसुद्धा कधी अपुरे असतात. म्हणून लष्करी वास्तूतून खरोखर उपयोगी पडते ते तीनच गोष्टींपुरते: धावपट्टी, भोवतालची मोकळी जमीन आणि विमानांच्या वाटेखाली उंच इमारती न होऊ देण्याची जुनी शिस्त. त्यातही धावपट्टीचे महत्त्व लांबीपेक्षा जाडीत आहे. बी-५२ विमान पूर्ण भरल्यावर दोनशे टनांच्या वर जाते. असे ओझे वर्षानुवर्षे सोसलेले काँक्रीट मोठ्या प्रवासी विमानांना घाबरत नाही.

ऑस्टिनमध्ये ती धावपट्टी ठेवली, तिच्या पूर्वेस ९००० फुटांची दुसरी समांतर बांधली आणि दोहोंच्या मधे प्रवाशांची इमारत उभी केली. दोन पट्ट्यांत पुरेसे अंतर असले म्हणजे दोहोंवर एकाच वेळी विमाने उतरू शकतात. अरुंद जागेत दोन पट्ट्या असूनही एकीचेच काम होते. लष्कराच्या इमारतींपैकी बहुतेक पाडल्या किंवा हलविल्या. एक मात्र वाचली. तळाचे मुख्य कार्यालय गोल, मधे पोकळ होते. सैनिक त्याला डोनट म्हणत. आपण मेदुवडा म्हणू. त्याचे २००१ साली हॉटेल झाले. जेथे युद्धाच्या योजना आखल्या जात तेथे आता प्रवासी न्याहारी करतात. मालवाहू विमाने ३० जून १९९७ पासून आणि प्रवासी विमाने २३ मे १९९९ पासून नव्या ठिकाणी येऊ लागली. इमारतीला बार्बरा जॉर्डन या कृष्णवर्णी विदुषीचे, टेक्सासच्या लोकप्रतिनिधीचे, नाव दिले आहे.

आणि त्याच वेळी म्यूलर विमानतळ बंद करण्यात आला. ही गोष्ट श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी, पुढे तिचे काम पडेल. जुने दार उघडे ठेवून नवे दार बांधले नाही. म्यूलरच्या जागेवर आता घरे, दुकाने आणि बागा आहेत. जुना नियंत्रण-मनोरा तेवढा तसाच उभा ठेवला आहे.

हे सारे गोड गोड झाले असे मात्र नाही. विमानांचा आवाज नाहीसा झाला नाही. तो शहराच्या ईशान्येकडून आग्नेयेकडे गेला. लष्करी विमाने थांबली म्हणून ज्यांनी सुटकेचा श्वास टाकला असेल, त्यांच्या डोक्यावरून आता दिवसभर प्रवासी विमाने जातात. ज्या वस्तीचा आवाज राजकारणात मोठा असतो तिच्या वाट्याला विमानाचा आवाज कमी येतो, हे विधान आम्ही ऑस्टिनपुरते करीत नाही. शिवाय ‘पन्नास वर्षांची सोय झाली’ ही भाषाही फार दिवस टिकली नाही. २०१४ साली लंडनची थेट सेवा सुरू झाली, आणि २०२३ साली २ कोटी २० लाख प्रवाशांची ये-जा झाली. दाटी एवढी की विस्ताराची मोठी कामे हाती घ्यावी लागली. पण विस्तार करावयास जमीन आहे, कारण १९४२ साली घेतली ती तीन हजार एकर घेतली.

आता क्लार्ककडे वळू. मनिलाच्या वायव्येस सुमारे ८० किलोमीटरांवरील हा तळ विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकन घोडदळाची छावणी म्हणून सुरू झाला. पुढे तो अमेरिकेबाहेरील तिच्या सर्वांत मोठ्या हवाई तळांपैकी एक झाला. व्हिएतनामच्या युद्धात त्याच्यावर विमानांची अखंड रीघ असे. १९४७ च्या करारान्वये तो ९९ वर्षांसाठी अमेरिकेकडे होता. १९६६ साली ती मुदत कमी होऊन १९९१ पर्यंत आली. येथेही कागद होताच. पण कागदाआधी निसर्ग आला. तळाच्या पश्चिमेस पिनाटुबो नावाचा डोंगर. शेकडो वर्षे तो झोपलेला होता. १९९१ च्या जूनमध्ये शास्त्रज्ञांनी इशारा दिला आणि १० जूनला सुमारे पंधरा हजार माणसे एका दिवसात क्लार्क सोडून सुबिकच्या आरमारी तळाकडे गेली. १५ जूनला डोंगर फुटला. विसाव्या शतकातील तो दुसऱ्या क्रमांकाचा मोठा स्फोट. दुर्दैव असे की त्याच दिवशी वादळही आले. पावसाने भिजलेली राख छपरांवर साचली आणि तिच्या वजनाने छपरे कोसळली. अमेरिकेने क्लार्क दुरुस्त करण्याचा विचार सोडून दिला. सप्टेंबरात फिलिपिन्सच्या सिनेटने नवा करार १२ विरुद्ध ११ मतांनी फेटाळला, आणि २६ नोव्हेंबर १९९१ रोजी क्लार्क फिलिपिन्सच्या हाती आला.

स्वातंत्र्याच्या दृष्टीने तो सोन्याचा दिवस. पण त्यानंतर काय झाले? लूट झाली. दारे-खिडक्यांपासून विजेच्या तारांपर्यंत जे निघण्यासारखे होते ते निघाले. ताबा कोणाचा आणि राखण कोणाची हे ठरण्याआधी यजमान निघून गेला होता. याच्या उलट उदाहरण शेजारीच आहे. सुबिकचा तळ वर्षभराने, नोव्हेंबर १९९२ मध्ये, सुटला. तेथील ओलोंगापो शहराचे महापौर रिचर्ड गॉर्डन यांनी हजारो नागरिकांना स्वयंसेवक म्हणून पहाऱ्यावर उभे केले. त्या माणसांचे रोजगार नुकतेच गेले होते. तरी त्यांनी पगाराविना तळ राखला. म्हणून १९९५ साली एका मोठ्या अमेरिकन मालवाहू विमान कंपनीने आशियातील आपले मुख्य केंद्र सुबिकच्या धावपट्टीवर आणले. ते २००९ साली चीनमधील ग्वांगचौला गेले आणि सुबिकचे आकाश पुन्हा शांत झाले, ही गोष्ट वेगळी. एकाच गिऱ्हाइकावर दुकान चालविण्यातला धोका कोणाही दुकानदाराला ठाऊक असतो.

१९९२ साली फिलिपिन्सने तळांच्या रूपांतराचा कायदा केला. त्यातली कल्पना चतुर होती. मनिला शहरातील लष्कराच्या मोक्याच्या जमिनी विकून येणाऱ्या पैशातून एकीकडे सैन्याचे आधुनिकीकरण आणि दुसरीकडे क्लार्क, सुबिक येथील विकास करावयाचा. १९९३ साली क्लार्कला खास आर्थिक क्षेत्र म्हणून जाहीर करण्यात आले. दोन समांतर धावपट्ट्या, प्रत्येकी ३२०० मीटरांच्या, राख झाडून तयारच होत्या. राजधानीचा भावी मुख्य विमानतळ हाच, असे राष्ट्राध्यक्ष रामोस यांच्या काळात ठरले. त्याला तीस वर्षे होऊन गेली. मनिलाच्या विमानतळावर गर्दीने श्वास घेता येत नाही, आणि क्लार्कवर २०१९ सालच्या भरभराटीतही सुमारे ४० लाखच प्रवासी आले. २०२२ साली सुरू झालेली नवी देखणी इमारत वर्षाला ८० लाखांसाठी बांधली आहे.

असे का व्हावे? एक कारण अंतराचे. ८० किलोमीटर रेल्वेने काहीच नाहीत. पण मनिलाच्या रस्त्यांवरून ते फार आहेत, आणि रेल्वे नव्हती. चीनच्या कर्जातून ती बांधण्याची योजना आखली गेली, वादात सापडली आणि रद्द झाली. दुसरी योजना आता जपान आणि आशियाई विकास बँक यांच्या साहाय्याने चालू आहे. दुसरे कारण, आम्ही मघाशी ध्यानात ठेवा म्हटले ते. मनिलाचा जुना विमानतळ बंद झाला नाही. विमान कंपन्या भावनेने चालत नाहीत. जुने दार उघडे असेपर्यंत प्रवासी तेथून जातो आणि प्रवासी जाईल तेथूनच कंपनी जाते.

क्लार्कच्या गोष्टीत आणखी दोन पदर आहेत, आणि ते विमानतळांच्या अहवालांत फारसे येत नाहीत. पिनाटुबोच्या उतारांवर आएता लोक राहतात. फिलिपिन्सचे ते फार जुने रहिवासी. तळ झाला तो त्यांच्या शिकारीच्या आणि शेतीच्या मुलखात. अमेरिकन सैनिकांना जंगलात जगावे कसे हे शिकविण्यासाठी याच लोकांना बोलावीत. स्फोटात त्यांची गावे गेली. तळ सुटल्यावर जमीन ‘परत’ आली ती सरकारला. आएता आपला हक्क अजून मांडत आहेत. ऑस्टिनच्या नगरपित्यांजवळ कागद होता. आएतांजवळ कागद नव्हता, फक्त वहिवाट होती.

दुसरा पदर विषाचा. हवाई तळाच्या भूमीत काय मुरते त्याची आपल्याला सहसा कल्पना नसते. विमानांचे इंधन टाक्यांतून पाझरते. यंत्रांचे भाग धुण्याची तीव्र रसायने वर्षानुवर्षे जमिनीवर ओतली जातात. आग विझविण्याच्या फेसातील काही द्रव्ये अशी चिवट असतात की ती पाण्यात शिरली म्हणजे कुजत नाहीत, विरत नाहीत. अमेरिकेतल्या तळांवर साफसफाईची जबाबदारी तेथील कायद्याने सरकारवर आहे. फिलिपिन्सशी झालेल्या करारात अशी जबाबदारी नव्हती. स्फोटाने उघड्यावर आलेल्या हजारो कुटुंबांना क्लार्कच्या आवारात आसरा दिला गेला; त्यांनी तेथील विहिरींचे पाणी वापरले, आणि पुढे त्यांच्यातील आजारांबद्दल मोठे गाऱ्हाणे उभे राहिले. ते वॉशिंग्टनपर्यंत गेले. उत्तर एवढेच मिळाले की करारानुसार आम्हांवर बंधन नाही. तळावरच्या एका कलमाची उणीव माणसांच्या पोटात कशी जाते, ते येथे दिसते.

आता थोडे आपल्या घराकडे. मुंबईच्या सांताक्रूझच्या मैदानावर दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांचे हवाई दल होते. युद्ध संपल्यावर प्रवासी वाहतूक जुहूहून तेथे आली. गोव्यातील दाबोळी पोर्तुगीजांनी १९५५ साली बांधली. गोवा मुक्त झाल्यावर १९६२ साली ती आपल्या आरमाराकडे आली आणि आजही आरमाराचीच आहे. प्रवासी विमाने तेथे पुण्यासारखीच पाहुणी. २०२३ च्या जानेवारीत मोपा सुरू झाला तेव्हा दाबोळी चालूच राहील असे सांगण्यात आले. ती चालू आहे. तरी काही कंपन्यांनी आपला बाडबिस्तरा उत्तरेकडे हलविला, आणि दक्षिण गोव्यातील टॅक्सीवाल्यांपासून हॉटेलवाल्यांपर्यंत सर्वांना पुढची चिंता लागली. येथे गंमत अशी की, क्लार्कमध्ये जुने दार नव्याला जगू देत नाही, तर गोव्यात नवे दार जुन्याला जगू देईल की नाही ही शंका आहे.

पुण्याचे काय? हवाई दल लोहगाव सोडील अशी चिन्हे नाहीत, आणि पश्चिम सीमेचा विचार केला तर सोडावे असे आम्हीही म्हणणार नाही. २०२४ साली प्रवाशांची नवी इमारत सुरू झाली. तिच्यात प्रशस्तपणे बसता येते. पण धावपट्टी तीच, अडीच किलोमीटरांच्या आसपासची, आणि एकच. म्हणजे आपल्या वाट्याला बर्गस्ट्रॉम नाही. आपल्या वाट्याला मॅनर आहे: शेतजमीन घेऊन मुळापासून बांधण्याचा विमानतळ. चाकण, खेड असा फिरत फिरत तो पुरंदर तालुक्यात येऊन थांबला. पारगाव, खानवडी, मुंजवडी, एखतपूर, कुंभारवळण, वनपुरी, उदाचीवाडी ही ती सात गावे. अंजीर आणि सीताफळांचा हा मुलूख. २०२५ साली तेथे पाहणीच्या वेळी गावकरी आणि पोलीस यांच्यात संघर्ष झाला.

ऑस्टिनच्या शहराने जमीन दिली तेव्हा आपला हक्क राखून दिली, कारण देणारा आणि घेणारा दोघेही कागद जाणत होते. सात गावांच्या शेतकऱ्याला आज रोख मोबदला, विकसित भूखंड असे पर्याय सांगितले जात आहेत. काम रेंगाळले, किंवा ज्या कारणासाठी जमीन घेतली ते कारणच बदलले, तर ती कोणाची, हा प्रश्न तो विचारीत आहे.